घरातल्या उजेडात हळदीचा खरा रंग आणि स्पष्ट फोटो साध्या कॅमेऱ्याने कसे मिळवावेत?

हरिपूर_रस्ता (प्रश्न)

नमस्कार. सांगलीत आमचा हळदीचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंडे घेऊन, ती निवडून आणि दळून आम्ही पुण्या-मुंबईच्या काही किराणा दुकानदारांना पाठवतो. पूर्वी नमुन्याची पुडी कुरिअरने जात असे आणि सौदा तिच्यावरच ठरत असे. आता बहुतेक जण आधी फोटो मागतात आणि तो पसंत पडला तरच नमुना मागवतात.

आमच्याकडे सोळा मेगापिक्सेलचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा आहे. त्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, परंतु आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा ते) आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) कमी-जास्त करण्याची सोय, मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढण्याची सोय) आणि टायमर एवढे आहे. फोटो घराच्या मागच्या खोलीत काढावे लागतात. तिथे एक उत्तरेची खिडकी, एक ट्यूबलाइट आणि एक पिवळा बल्ब आहे. ट्यूबखाली हळद लिंबासारखी हिरवट-पिवळी दिसते, बल्बखाली ती केशरी होते आणि फ्लॅश लावला तर पॉलिश केलेल्या हळकुंडांवर पांढरे डाग चमकतात. शिवाय गिऱ्हाईक ज्याच्यासाठी फोटो मागते तो मोडलेल्या हळकुंडाचा गाभा नेमका धूसर येतो आणि पूड तर नुसता पिवळा गोळा दिसते. नवा कॅमेरा घेण्याची सध्या तयारी नाही. आहे त्याच कॅमेऱ्यात रंग आणि स्पष्टपणा सुधारता येईल का?

तंतुवाद्य_मिरज

नवा कॅमेरा घेण्याची गरज नाही आणि घेतलात तरी त्या खोलीत तो असेच फोटो देईल. आमच्या नात्यातल्या दुकानासाठी मी सतार-तानपुऱ्यांचे फोटो काढतो. तिथे भोपळ्यावरच्या पॉलिशचा रंग आणि चमक यांची हीच अडचण असते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या खोलीत तीन वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश आहेत. उजेड किती पिवळट की निळसर हे 'रंग-तापमान' केल्व्हिनमध्ये सांगते; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पिवळ्या बल्बचे ते साधारण २७०० केल्व्हिन असते, दुपारच्या उन्हाचे ५५००च्या आसपास आणि सावलीतल्या आकाशाचे ७०००च्याही पुढे जाते. आपले डोळे हा फरक आपोआप जुळवून घेतात, त्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. कॅमेरा मात्र एका फोटोसाठी एकच प्रकाश गृहीत धरून सगळे रंग बसवतो. खिडकी आणि ट्यूब दोन्ही चालू असतील तर ढिगाची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट येणार, आणि ती चूक नंतर संगणकावरही नीट सुधारत नाही, कारण एका बाजूला केलेली दुरुस्ती दुसरी बाजू बिघडवते. म्हणून पहिले काम असे की खिडकीचा उजेड वापरायचा असेल तर खोलीतले सगळे दिवे बंद करावेत आणि दिवे वापरायचे असतील तर खिडकी जाड पडद्याने झाकावी. खोलीच्या भिंती हिरव्या किंवा गुलाबी असतील, शेजारी निळी ताडपत्री पसरलेली असेल किंवा छतात हिरवट फायबरचा पारदर्शक पत्रा बसवलेला असेल, तर त्यांच्यावरून येणारा उजेडही हळदीवर पडतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची. 'ऑटो' ठेवल्यावर कॅमेरा चौकटीतल्या रंगांची एकूण सरासरी पाहून प्रकाशाचा अंदाज बांधतो. चौकट हळदीने भरलेली असेल तर त्याला प्रकाशच पिवळा वाटतो आणि तो उतारा म्हणून निळा वाढवतो. तुमची हळद फिकी आणि लिंबाळलेली दिसते, याचे एक मोठे कारण हे असणार. ट्यूबमधल्या हिरवट छटेने त्यात भर पडते. तुमच्या कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्समध्ये 'कस्टम' असा पर्याय असेल तर ज्या जागी हळद ठेवणार त्याच जागी, त्याच उजेडात एखादी रंगहीन राखाडी किंवा पांढरी वस्तू ठेवून ती कॅमेऱ्याला दाखवावी आणि मग हळद ठेवावी. उजेड बदलला की हे पुन्हा करावे लागते. ढगाळ दिवशी तर दर थोड्या वेळाने करावे लागते आणि त्याचा कंटाळा करू नये.

आता उजेड किती घ्यायचा, हे पाहू. कॅमेऱ्याचे मीटर जे दिसेल ते मध्यम राखाडी मानून उजेड ठरवते, त्यामुळे पांढऱ्या कपड्यावर ठेवलेली हळद काळपट-तपकिरी येते. ती सुधारण्यासाठी एक्स्पोजर फार वाढवले की उलट संकट येते. हळदीच्या रंगात लाल भाग सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा जवळजवळ नसतो. त्यामुळे फोटो एकंदरीत ठीक दिसत असतानाच लाल भाग आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थांबतो. तसे झाले की पुडीतले कण, सावल्या आणि छटा सगळ्या एकाच सपाट पिवळ्यात बुडतात. तुमचा 'पिवळा गोळा' बहुधा इथूनच येतो. उपाय असा की पार्श्वभूमी पांढरी न ठेवता राखाडी चार्ट पेपरची ठेवावी, एक्स्पोजर उणे एक तृतीयांश ते उणे दोन तृतीयांश यांच्या दरम्यान ठेवून पाहावे आणि रंगांच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर ते काढून 'न्यूट्रल' किंवा साधे करावे. निळी पार्श्वभूमी मुद्दाम टाळावी. तिच्यावर हळद अधिक पिवळी भासते आणि जाहिरातीसाठी ते चालतही असेल, परंतु नमुना म्हणून पाठवायच्या फोटोत ते मला अयोग्य वाटते.

स्पष्टपणाचे म्हणाल तर शटरचे बटण अर्धे दाबल्यावर पडद्यावर जो आकडा दिसतो तो पाहावा. घरात तो बहुतेक १/१५ सेकंद किंवा त्याहूनही संथ असतो आणि एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. कॅमेरा हे टाळण्यासाठी आयएसओ स्वतःहून ८०० किंवा १६०० करतो. मग हात हलला नाही तरी चित्रात रवाळ ठिपके येतात आणि ते पुसण्याच्या प्रयत्नात कॅमेरा बारीक तपशीलही पुसून टाकतो. हळद जागची हलत नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे. आयएसओ १०० वर पक्का करावा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा निम्मी भरलेली तांदळाची पिशवी टेबलावर ठेवून तिच्यात रोवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात काढून घ्यावा. मग शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. पंखा बंद ठेवावा, म्हणजे टेबलही हलणार नाही आणि पूडही उडणार नाही. डिजिटल झूम मेनूतून कायमचे बंद करावे. आणि भिंग पुसावे. हळदीच्या घरातल्या कॅमेऱ्याचे भिंग स्वच्छ असेल यावर माझा विश्वास नाही.

चमकणाऱ्या डागांसाठी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद करणे हाच खरा मार्ग आहे. हळकुंडांना खिडकीचा मोठा, पसरलेला उजेड एका बाजूने द्यावा आणि विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे सावल्या काळ्याभोर होत नाहीत. पुडीला मात्र याच्या उलट हवे असते. तिच्यावर उजेड खालून-बाजूने, तिरपा यावा आणि पुठ्ठा दूर सरकवावा, तरच कण उठून दिसतात.

कृष्णाकाठचा_अभियंता

वरील प्रतिसाद उत्तम आहे. उत्तरेच्या खिडकीबद्दल थोडी भर घालतो. पुस्तकांमध्ये उत्तरेचा उजेड वर्षभर मऊ आणि थेट उन्हाविना असतो असे लिहिलेले आढळते, परंतु ती पुस्तके बहुधा युरोपात बसून लिहिलेली असतात. सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो-मावळतोही उत्तरेकडे झुकून. म्हणजे नव्या हळदीच्या हंगामातच तुमच्या खिडकीतून सकाळी आणि सायंकाळी थेट तिरीप येऊ शकते. त्या वेळी खिडकीला स्वच्छ पांढरे सुती कापड ताणून लावावे. बटर पेपर लावू नये, तो पुष्कळदा स्वतःच पिवळसर असतो. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर त्याची हिरवी छटा आत येते, आणि पावसाळ्यात, पाने धुऊन निघाल्यावर, ती अधिक जाणवते.

हळदीविषयी आणखी एक खबरदारी सांगतो. तिचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते उजेडात हळूहळू नष्ट होते. त्यामुळे 'फोटोसाठीचा नमुना' म्हणून एकच वाटी खिडकीत ठेवून दिली तर कॅमेरा अचूक असूनही फोटोतला रंग पोत्यातल्या मालाशी जुळणार नाही. दर वेळी पोत्यातून ताजी पूड काढावी. चुना, सोडा किंवा साबण लागलेला चमचा पुडीत घालू नये. अल्कलीने हळद लालसर होते, हे कुंकू करणाऱ्या घरांना सांगावे लागत नाही.

तासगाव_बेदाणा

आमच्याकडे बेदाण्याची हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी रंगावरच चालते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. परंतु खिडकीवर अवलंबून राहणे आम्हांला जमत नाही, कारण दिवसभर माल हाताळायचा असतो आणि फोटोला वेळ मिळतो तो रात्री. रात्री चांगले फोटो निघतात, मात्र बल्ब पारखून घ्यावा लागतो.

बाजारातला साधा एलईडी हा मुळात निळा दिवा असतो आणि त्याच्यावरचा पिवळा लेप त्या निळ्यातला काही भाग इतर रंगांत बदलून एकूण पांढरा उजेड तयार करतो. त्यात काही रंग भरपूर आणि काही कमी असतात. विशेषतः गडद लाल कमी पडतो आणि निळ्या-हिरव्याच्या मध्ये खळगा असतो. व्हाइट बॅलन्स कितीही नीट केला तरी जो रंग उजेडातच नाही तो कॅमेरा आणणार कुठून? म्हणून खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा शोधावा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, हे तो शंभरपैकी सांगतो. साधारण बल्बवर तो ८० असतो किंवा छापलेलाच नसतो. ९० किंवा त्याहून अधिक असलेले बल्ब मिळतात, थोडे महाग पडतात आणि ते घ्यावेत. दोन लावायचे असतील तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि शटर वेगवान असेल तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. ट्रायपॉडवर संथ शटरने काढलेत तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

मी स्वतः खिडकीपेक्षा या दोन बल्बांच्या बाजूचा आहे. खिडकीचा उजेड सुंदर असतो, मान्य. पण जानेवारीतला माल आणि जूनमधला माल शेजारी ठेवून दाखवायचा असेल तर उजेड तोच, अंतर तेच आणि सेटिंगही तेच असावे लागते, आणि ते आकाशाच्या हातात सोडता येत नाही.

हरिपूर_रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. व्हाइट बॅलन्ससाठी झेरॉक्सचा कोरा कागद चालेल का? काल तो वापरला तेव्हा हिरवटपणा गेला, पण हळद प्रत्यक्षाहून थोडी अधिक गडद दिसली. दुसरे असे की पुडीवर कॅमेरा फोकसच घेत नाही; पिवळी चौकट लुकलुकते आणि तशीच राहते. गाभ्याच्या वेळी मॅक्रो लावून झूम केले तरीही तेच होते.

तंतुवाद्य_मिरज

तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि दोष कागदाचा आहे. झेरॉक्सचा कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी द्रव्ये घातलेली असतात. ती दिवसाच्या उजेडातले अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. धुण्याच्या पावडरीत हीच द्रव्ये असतात, त्यामुळे धुतलेले पांढरे कापडही या कामाला चालत नाही. कॅमेरा तो निळसर कागद पांढरा समजून निळा कमी करतो आणि सगळे चित्र पिवळ्याकडे सरकते. छायाचित्रणाच्या दुकानातले १८ टक्क्यांचे (पडलेल्या उजेडातला तेवढा भाग परत फेकणारे) राखाडी कार्ड आणणे सर्वांत सरळ. ते मिळेपर्यंत नळ जोडताना आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप एखाद्या पट्टीवर अनेक थर देऊन, खालचे काही दिसणार नाही अशी गुंडाळावी. टेफ्लॉन दृश्य प्रकाशातले सगळे रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात परत फेकते, त्यामुळे काही रुपयांत चांगला मापदंड हाती येतो. फक्त हळदीचे बोट तिला लागू देऊ नये. प्रत्येक मालाचा एक फोटो ही पट्टी शेजारी ठेवून काढून ठेवावा. पुढे जिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्समधला राखाडी बिंदू निवडण्याचा ड्रॉपर त्या पट्टीवर टेकवला की उरलेली छटा निघून जाते. त्यासाठी पट्टी फोटोत झळाळून कोरी पांढरी झालेली नसावी.

फोकसला कडा लागतात, म्हणजे उजेड आणि अंधार जिथे भेटतात अशी रेघ. गुळगुळीत केलेल्या पुडीत तशी रेघच नसते. छापील अक्षरांची चिठ्ठी पुडीच्या पृष्ठभागावर, जिथे स्पष्टपणा हवा त्याच पातळीवर ठेवावी, बटण अर्धे दाबून फोकस धरावा, बटण न सोडता दुसऱ्या कोणाकडून चिठ्ठी उचलून घ्यावी आणि मग पूर्ण दाबावे. हे काम दोघांनी करावे. एकट्याने केले तर हमखास बटण सुटते.

मॅक्रोची गोष्ट वेगळी आहे. अशा छोट्या कॅमेऱ्यांमध्ये अगदी जवळचा फोकस फक्त झूम न करता मिळतो. झूम वाढवला की किमान अंतरही वाढते आणि ते न पाळल्यास कॅमेरा नुसता घुटमळतो. झूम न करता अगदी जवळ गेलात तर पुढचे हळकुंड अवास्तव जाड आणि मागचे बारीक दिसते, शिवाय कॅमेऱ्याचीच सावली पडते. मी मधला मार्ग सुचवतो. थोडा झूम घ्यावा, फोकस मिळेपर्यंत मागे सरावे, फोटो पूर्ण आकारात काढावा आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा. सोळा मेगापिक्सेलमधला पाव भाग कापला तरी मोबाइलच्या पडद्याला तो पुरून उरतो. गाभा दाखवताना मोडलेले तोंड कॅमेऱ्याच्या भिंगाला समांतर राहील असे हळकुंड भिजवलेल्या कणकेच्या छोट्या गोळीवर टेकवून ठेवावे, कारण जवळून काढताना स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढे अंतर स्पष्ट येते ते) फार थोडी असते आणि तोंड तिरपे असेल तर अर्धे धूसर येणारच.

विश्रामबाग_वाचक

एक मुद्दा राहिला आहे. फोटो तुमच्याकडे बरोबर झाला तरी तो पलीकडे कसा दिसेल हे तुमच्या हातात नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास तो आकुंचित होतो आणि पुडीचा पोत सर्वांत आधी जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. पुष्कळ मोबाइलमध्ये पडदा मुळातच 'व्हिव्हिड' ठेवलेला असतो आणि रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असलेली सोय चालू असेल तर सगळेच पिवळे दिसते. दुकानदाराला फोटोसोबत एवढे लिहून कळवावे की ही सोय बंद करून, पडदा 'नॅचरल'वर ठेवून पाहावे. फोटोत ती राखाडी किंवा टेफ्लॉनची पट्टी एका कडेला मुद्दाम राहू द्यावी, कारण ती त्याच्या पडद्यावर पिवळट दिसली तर हळदही तेवढीच खोटी दिसते आहे हे त्याला न सांगता कळेल.

आणखी असे की रंग संगणकावर चढवण्याचा मोह टाळावा. मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट या घातक पिवळ्या रंगांची भेसळ हळदीत होते हे घाऊक खरेदीदारांना चांगले ठाऊक असते, आणि फार झगझगीत पिवळ्या फोटोने माल चांगला वाटण्याऐवजी शंकाच अधिक येते.

हरिपूर_रस्ता

टेफ्लॉनची पट्टी तयार केली आहे आणि ट्यूब बंद करून, राखाडी चार्ट पेपरवर, खिडकीच्या उजेडात हळकुंडांचे फोटो काढले. प्रत्यक्ष माल फोटोशेजारी धरून पाहिला, रंग पुष्कळ जवळ आला आहे आणि गाभ्यातली केशरी कडा प्रथमच स्वच्छ दिसली. पुडीसाठी तासगावच्या सदस्यांनी सांगितलेले दोन बल्ब आणणार आहे. ते किती केल्व्हिनचे घ्यावेत?

तासगाव_बेदाणा

५००० ते ६५०० यांपैकी जो ९०च्या वर सीआरआय असलेला मिळेल तो घ्या. केल्व्हिनचा फरक कस्टम व्हाइट बॅलन्स भरून काढतो, सीआरआयची उणीव तो भरून काढू शकत नाही. लावल्यावर पाचेक मिनिटे तापू द्यावेत आणि मगच टेफ्लॉनची पट्टी दाखवावी.